वडीलधाऱ्यांच्या फाईलला हात न लावल्याबद्दल

दि. १३ जुलै २०१४, रविवार, सकाळचे सव्वासात. गॅसवर दूध ठेवले आहे आणि ते उतू जाऊ नये म्हणून ओट्याला टेकून उभ्यानेच पत्र सुरू करतो आहे.

तीर्थस्वरूप नामदेवमामांना, लांबून पण पुरते वाकून, भाचा नागोराव याचा नमस्कार.

आम्ही सारे इकडे खुशाल आहोत असे लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो, पण ते तितकेसे खरे नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, कारण खुशाली गेली ती तुमच्या फोनने गेली (ही तक्रार नव्हे, क्रम सांगतो आहे). तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? सुशीलामामींचे आंबट ढेकर थांबले का? देगलूरला पाऊस नाही असे ऐकतो. इकडेही नाही, नुसते ढग येऊन हजेरी लावून जातात. पद्मावतीची परीक्षा चांगली गेली असेल. म्हैस व्याली का? आता मूळ विषयाकडे येतो. उभ्याने लिहितो आहे, तरी शुद्धलेखन सांभाळेन.

तुम्ही आईला फोनवर म्हणालात की, "चतुरे, तुझ्या पोराने बाजार मांडलाय. माझ्या पोरीला पाळण्यापासून ह्याची म्हणत आलो आणि हा गल्लोगल्ली स्वतःचा बायोडाटा वाटत फिरतो. वरून मलाच 'रद्द' म्हणून कळवतो! मी राखीला येणार नाही." तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे अगदीच बोलत नाही असे नाही, बाबांमार्फत बोलते. बाबा माझ्या शेजारी बसलेले असतात आणि आई त्यांना म्हणते, "विचारा त्याला, भाजी वाढू का." बाबा मला विचारतात, मी बाबांना हो म्हणतो, ते आईला सांगतात, तोवर पोळी गार होते. तुम्ही तिचे एकुलते एक भाऊ. तुम्ही आला नाहीत तर तिचे माहेर बंद होईल आणि ते माझ्यामुळे बंद झाले असे जन्मभर बाबांमार्फत ऐकावे लागेल. म्हणून जे घडले ते पहिल्यापासून लिहितो. पूर्ण वाचा. मधेच रागाने फाडू नका, कारण महत्त्वाचे बरेचसे शेवटी आहे.

मी इथे हैदराबादच्या हिमायतनगरला एकनाथरावांच्या वधू-वर सूचक मंडळात कामाला आहे हे तुम्हाला माहीत आहे. मिठाईच्या दुकानावर एक खोली, एक कॉम्प्युटर, दोन टेबले आणि जुळलेल्या जोड्यांचे फोटो लावलेली एक भिंत. इथली मराठी कुटुंबे आपापल्या मुलामुलींची नावे फी भरून नोंदवतात आणि दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही प्रत्येक मुलीच्या वडिलांच्या मोबाईलवर तिला साजेशा एका मुलाची माहिती पाठवतो. हे काम जो प्रोग्राम करतो तो एकनाथरावांच्या भाच्याने लिहिला आणि लिहून झाल्यावर तो बंगळूरला निघून गेला, जाताना सूचनांचा एक कागद ठेवून. हा प्रोग्राम माऊसच्या टिचक्यांनी चालत नाही. एक काळी खिडकी उघडते, तिच्यात हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचे. तो "नक्की का?" असे विचारत नाही, "थांबा, पुन्हा बघा" म्हणत नाही. माझ्यासारख्या माणसाला (जो कुलूप लावल्यावर ते ओढून बघतो, मग जिना उतरतो, मग परत चढून पुन्हा ओढून बघतो) असा प्रोग्राम म्हणजे छातीवरचा धोंडा आहे.

आता सेटिंग म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय माझा निरपराधीपणा तुमच्या लक्षात येणार नाही. मंडळाचे नाव, पत्ता, राज्य, फोन, मेसेज मराठीत की इंग्रजीत, या गोष्टी दर वेळी टाइप कराव्या लागू नयेत म्हणून त्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात. पण एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी. एक फाईल साऱ्या ऑफिसची, ती सगळ्यांना लागू. दुसरी ज्याच्या त्याच्या नावाची, जो कॉम्प्युटरवर बसेल त्याच्यापुरती. आणि तिसरे म्हणजे हुकूम देताना त्याच्या पुढे जे टाइप कराल ते. तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी लिहिल्या असतील तर जे जवळचे ते खरे, लांबचे रद्द. मला हे समजायला आठवडा लागला आणि समजले ते आमच्या घरावरून. आजोबांनी सांगून ठेवले होते की या घरात तिखट कमी खायचे. ही झाली ऑफिसची फाईल. आजीने आपल्या चुलीपुरते ठरवले होते की भाकरीबरोबर ठेचा पाहिजेच. ही तिच्या नावाची फाईल. आणि वाढताना आई पानात प्रत्यक्ष काय टाकायची ते तिसरे. आजोबा गेले तेव्हाही त्यांची समजूत हीच होती की आपल्या घरात तिखट कमी खातात.

जूनमध्ये तेलंगणा वेगळे झाले आणि आमचे राज्य बदलले. म्हणजे आम्ही आहोत तिथेच राहिलो, राज्यच उठून बाजूला गेले. आमच्या गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला जेवायला सवड नव्हती. मंडळात तर वेगळाच गोंधळ. सचिवालयातली मुले कोणत्या राज्याच्या वाट्याला जाणार ते कुणालाच माहीत नाही आणि मुलीचे वडील फोन उचलल्या उचलल्या पगार सोडून तेच विचारत, "पोरगा इकडं राहणार का तिकडं जाणार?" एकनाथरावांनी बायोडाट्यात 'वाटणी' असा एक रकानाच वाढवला आणि त्यात बहुतेक मुलांपुढे 'अजून कळले नाही' असे लिहावे लागले. या गडबडीत एकनाथरावांच्या लक्षात आले की आमच्या मेसेजच्या तळाशी अजून 'हैदराबाद, आंध्र प्रदेश' असेच जाते. ते मला म्हणाले, "नागू, राज्य बदललं आणि आपण अजून तिकडंच बसलोय. परराज्यातून पोरी दाखवतो का काय आपण? बदल ते लवकर." आणि ऑफिसच्या फाईलचा पासवर्ड त्यांनी मला चिठ्ठीवर लिहून दिला.

मामा, इथे माझी चूक झाली. पण ती चूक तुम्हीच घातलेल्या वळणाने झाली, हे नम्रपणे सांगतो. तो पासवर्ड म्हणजे एकनाथरावांच्या स्वर्गवासी मातोश्रींचे नाव होते. नुसते नाव. पुढे बाई नाही, मागे मातोश्री नाही. मालकाच्या आईचे नाव मी एकेरीत टाइप करायचे? तेही मोठ्या पडद्यावर, समोर त्यांच्या फोटोला हार घातलेला असताना? (पासवर्ड पडद्यावर ठिपक्यांनी दिसतो, पण टाइप करणाऱ्याला माहीत असतेच.) मी आधी नावापुढे 'बाई' लावून पाहिले. उघडले नाही. 'आई' लावून पाहिले. उघडले नाही. मग मला असेही वाटले की मुळात ही फाईल वडीलधाऱ्यांची. साऱ्या ऑफिसची म्हणजे एकनाथरावांचीच. तिच्यात आपण कशाला हात घालायचा? जवळचे ते खरे, हा नियम आहेच, तर मी माझ्या नावाच्या फाईलमध्ये 'तेलंगणा' लिहितो. मेसेज मीच पाठवतो, तेव्हा माझ्या फाईलमधलेच राज्य जाईल. मोठ्यांचा मान राहील, काम होईल. तुम्हीच सांगा, यात वाईट काय होते?

माझ्या नावाची फाईल मुळात नव्हतीच, ती तयार करावी लागली. भाच्याच्या कागदावर लिहिले होते की नमुना फाईलची नक्कल करा आणि तिच्यातली एकही ओळ रिकामी सोडू नका. मी सूचना वाचणारा माणूस आहे. राज्य लिहिले, पत्ता लिहिला, फोन लिहिला. पुढे एक ओळ होती 'वर', आणि तिच्यात नमुन्यादाखल कुणीतरी खोटा मुलगा भरून ठेवला होता, वय पंचवीस, शिक्षण डॉक्टर. लग्नाच्या कामात खोटा मुलगा ठेवणे मला पटेना. खऱ्यांपैकी कुणाचे नाव घालावे तर त्याची परवानगी नाही. परवानगी असलेला एकच माणूस त्या खोलीत होता. म्हणून मी माझीच माहिती भरली, आणि भरायचीच तर खरी भरली: चि. नागोराव लक्ष्मणराव पवळे, उंची बेताची, शिक्षण बारावी (गणित राहिलेले), नोकरी खाजगी, कायम नाही, घर भाड्याचे, स्वभाव काळजी करणारा, एक दाढ किडलेली पण भरून घेतलेली, वाटणी लागू नाही. अपेक्षा या ओळीत काय लिहावे सुचेना, ती रिकामी सोडायची नव्हती, म्हणून 'मुलगी समजूतदार असावी' एवढे लिहिले. मग चाचणी म्हणून एक मेसेज माझ्याच मोबाईलवर पाठवला. तळाशी 'तेलंगणा' आले होते. मला फार आनंद झाला. त्या आनंदात मी 'चाचणी: होय' होते ते 'चाचणी: नाही' केले आणि माझी समजूत झाली की चाचणी संपली म्हणजे चाचणीतला वरही आपोआप घरी गेला.

तो गेला नव्हता. जूनच्या तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा हुकूम दिला. काळ्या खिडकीत 'गेला, गेला, गेला' अशा ओळी पळू लागल्या आणि मी समाधानाने खाली जाऊन चहा आणि उस्मानिया बिस्कीट घेतले. प्रोग्रामने प्रत्येक मुलीसाठी मुलगा शोधायला घेतला असेल, पण माझ्या फाईलमध्ये 'वर' म्हणून एक मनुष्य आधीच उभा होता. जवळचे ते खरे. लांबचे सगळे इंजिनियर, सचिवालयवाले, स्वतःच्या घरांचे मालक रद्द झाले आणि नोंदवलेल्या साऱ्या मुलींच्या वडिलांना, तीनशेहून अधिक घरांत, किडलेल्या दाढेचा एकच मुलगा सुचवला गेला.

शनिवारी सकाळी ऑफिसात गेलो तर एकनाथराव दोन कानांना दोन फोन लावून बसले होते. मला पाहून त्यांनी एक फोन माझ्या कानाला लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणत होते, "मेरी बेटी एम.टेक. है जी, और तुम बारावी फेल भेजते? मजाक समझे क्या?" मी म्हणालो, फेल नाही, एक विषय राहिलेला. ते म्हणाले, "तू कौन?" मी फोन ठेवून दिला. अंबरपेटच्या एका घरात दोन बहिणी नोंदवलेल्या होत्या. दोघींना मीच आल्यामुळे थोरलीचे आधी की धाकटीचे, यावरून तिथे चूल पेटली नव्हती. काही लोकांच्या जुन्या मोबाईलवर मराठी अक्षरे उमटत नाहीत, नुसते चौकोन दिसतात, आणि मामा, सांगायला लाज वाटते, सगळ्यांत जास्त पसंती त्यांच्याकडूनच आली. एक काका म्हणाले, "सगळे डब्बे डब्बे आले हो, पण मंडळाने धाडलाय म्हणजे पोरगा चांगलाच असणार. पत्रिका धाडा." ज्यांच्याकडे अक्षरे दिसत होती त्यांच्या मुलींना मराठी नीट वाचता येत नाही, त्यामुळे मुलींनी हसून सोडून दिले असते ते प्रकरण मोठ्याने वाचून घेण्यासाठी आजी-आजोबांपर्यंत गेले. नारायणगुड्याच्या एका आजींनी तर मुद्दाम फोन करून सांगितले की इतक्या वर्षांत दाढेचे खरे सांगणारा मुलगा पहिल्यांदाच पाहिला, पण नातीला देणार नाही.

एकनाथराव आधी मवाळपणे म्हणाले, "नागू, तुला लग्न करायचं होतं तर मला सांगायचं ना. फी निम्मी केली असती." मग त्यांचा आवाज चढला. "लोक म्हणतायत मंडळातल्या पोराने आमच्या पोरींची यादी स्वतःसाठीच वापरली. नाव खराब झालं माझं. निस्तर हे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!" मी घाबरून तिथल्या तिथे माफीचा मेसेज लिहिला, अगदी ऱ्हस्वदीर्घ तपासून: 'श्री. नागोराव पवळे यांचे स्थळ मंडळातर्फे रद्द करण्यात येत आहे. क्षमस्व.' आणि पाठवला. प्रोग्रामला मेसेजचा अर्थ कळत नाही. त्याने सवयीप्रमाणे त्या माफीखाली या आठवड्याचे स्थळ म्हणून पुन्हा माझीच माहिती जोडली, दाढेसकट.

यानंतर जे फोन आले ते पहिल्यांपेक्षा वाईट. ज्यांना मी नको होतो त्यांनाही आता जाणून घ्यायचे होते की मुलात असे काय निघाले. आधीचे लग्न आहे का? पितो का? पोलिसांत काही आहे का? एकाने मला दिलासा दिला (मी कोण ते त्याला माहीत नव्हते) की अशी मुले वेळीच कळली ते बरे. आणि मामा, तुम्हाला जे दोन मेसेज आले ते हेच दोन. पहिल्याने तुम्हाला वाटले की भाचा मामाच्या मुलीला सोडून उघड्यावर उभा राहिला. दुसऱ्याने वाटले की त्याने तुमच्याच मुलीला रद्द केले. वाटणे साहजिक आहे. पण मी कुणाला निवडले नाही आणि कुणाला नाकारले नाही. मला नाकारले आहे ते तीनशे घरांनी, आणि तेही दोनदा.

सोमवारी दिलसुखनगरचे शंकरराव फी परत मागायला आले. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, हातात छत्री. बरोबर त्यांची मुलगी सत्यवती. ती तिकडे एका कोचिंग क्लासमध्ये निकालांचे कॉम्प्युटर सांभाळते. शंकरराव एकनाथरावांना "आम्ही काय मूर्ख आहोत का?" वगैरे विचारत होते, तोवर ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी त्या वेळी ऑफिसची फाईल उघडायचा शेवटचा प्रयत्न करत होतो.

"तुम्हीच का ते? दाढवाले?" तिने विचारले.

मी म्हणालो, भरलेली आहे.

"कुठल्या फाईलमध्ये बदल केला होता?"

मी सांगितले की ऑफिसच्या फाईलमध्ये करायचा होता, पण पासवर्ड मालकांच्या आईचे नाव असल्यामुळे आणि ते एकेरीत असल्यामुळे जमले नाही. तिने ओढणीचे टोक तोंडाशी धरले. शंकरराव मात्र भांडण थांबवून गंभीरपणे म्हणाले, "हौ, बराबर आहे त्याचं. दुसऱ्याच्या आईचं नाव असं कसं घेणार?" त्यावर आतून एकनाथराव ओरडले, "ते मी नाही ठेवलं! भाच्याने ठेवलंय, त्याची आजी होती ती!"

सत्यवतीने मला उठवले नाही, नुसता वाकून एक हुकूम टाइप केला. अशा प्रोग्रामांत एक सोय असते म्हणे: सगळी सेटिंग दाखव, आणि प्रत्येक कुठून आली तेही दाखव. ती सोय भाच्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेली होती. कागद उलटा करावा हे मला सुचले नव्हते, कारण पुढच्या बाजूला 'उलटून पहा' असे लिहिलेले नव्हते. पडद्यावर ओळी उमटल्या. राज्य, तेलंगणा, नागोरावच्या फाईलमधून. वर, नागोराव, नागोरावच्या फाईलमधून.

"बघा," ती म्हणाली, "वर तुम्ही आणि धाडणारेही तुम्हीच. वरात तुमच्याच घरून निघालीय." मग तिने 'वर' ही ओळ माझ्या फाईलमधून काढून टाकली, राज्याचीही काढली, आणि "सरका, मी टाइप करते, माझ्या काही त्या ओळखीच्या नाहीत" असे म्हणून त्या मातोश्रींचे नाव बेधडक एकेरीत टाइप करून ऑफिसच्या फाईलमध्ये 'तेलंगणा' लिहिले. तिथे लिहिले की सगळ्यांना लागू होते, मग खुर्चीवर मी बसो की आणखी कोणी. एकूण काम चहा यायच्या आत झाले. एकनाथरावांनी माझी नोकरी ठेवली, परंतु पुढील तीन महिने माझ्या हुकमाआधी कोणीतरी मागे उभे राहून बघेल या अटीवर. पाणी भरायला येणाऱ्या बाईपासून खालच्या मिठाईवाल्यापर्यंत सगळ्यांनी मागे उभे राहून झाले आहे.

एवढे सगळे असे आहे. यात मला लग्नाची घाई कुठे दिसते, पद्मावतीचा अपमान कुठे दिसतो, ते तुम्हीच शोधून पाहा. माझा गुन्हा असलाच तर वडीलधाऱ्यांचा नको तिथे मान राखल्याचा आहे. आईने गेल्या रविवारपासून तुमचा फोटो पुसून टीव्हीवर ठेवला आहे आणि टीव्ही लावत नाही. राखी आणून डब्यात ठेवली आहे, लाल गोंड्याची, तुम्हाला आवडते तशी. राग माझ्यावर ठेवा, तिच्यावर नको. दूध तापले, उतू गेले नाही. मामींना नमस्कार, पद्मावतीला आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
नागोराव

ता. क. एक गोष्ट लिहू की नको असे करत वर राहून गेली. मेसेज फक्त नोंदवलेल्या मुलींच्या वडिलांनाच जातो, दुसऱ्या कुणाला जातच नाही. मग तो तुम्हाला कसा आला, म्हणून मी यादी तपासली. मला आधी वाटले प्रोग्राम बिघडला. बिघडला नव्हता. फेब्रुवारीत नांदेडच्या मेळाव्यात भरलेले फॉर्म आमच्या मंडळाकडेही येतात, हे तुम्हाला कुणी सांगितले नसावे. ते गठ्ठे जूनमध्ये आले आणि एकनाथरावांच्या पत्नी इंदुताईंनी घरी बसून कॉम्प्युटरवर चढवले, म्हणून मला पत्ता नव्हता. कु. पद्मावती, देगलूर. अपेक्षा: पदवीधर, सरकारी नोकरी, स्वतःचे घर. मामा, मला राग आलेला नाही. यांतली एकही गोष्ट माझ्याकडे नाही आणि सेटिंग बरोबर असती तर प्रोग्रामने मला तुमच्यापुढे कधीच उभे केले नसते. आईला मी हे सांगितलेले नाही, बाबांनाही नाही. गेल्या शुक्रवारी तुम्हाला नांदेडच्या पाटबंधारे खात्यातल्या मुलाचे जे स्थळ आले ते खरे आहे, मागे उभे राहून तपासून पाठवलेले आहे, आणि मुलगा महाराष्ट्रातला असल्याने वाटणीची भानगड नाही. पद्मावतीला ते पसंत दिसते. तिने काल मला फोन केला आणि प्रत्येक वाक्यात दादा म्हणाली. मामाच्या मुलीने एकदा दादा म्हटल्यावर माणसाने काय समजायचे ते समजावे.

ता. क. दुसरे. शंकररावांची फी परत द्यायला मी दिलसुखनगरला गेलो होतो. त्यांनी बसवले, पोहे दिले, दाढेची चौकशी केली. मग म्हणाले, "ते स्थळ रद्द म्हणून आलं होतं. रद्दच आहे का?" मी पोह्यांतला शेंगदाणा शोधू लागलो. आतून सत्यवती म्हणाली, "बाबा, तो मेसेजपण चुकूनच गेलेला आहे." त्यावर मला आणखी पोहे वाढण्यात आले. आता ते म्हणतात मुलाकडून कुणी वडील माणूस आला पाहिजे. आईला बाबांमार्फत विचारले, तर ती बाबांमार्फत म्हणाली की तिच्या भावाशिवाय या घरात सुपारीला हात लागणार नाही. तर मामा, खरे पत्र एवढ्याचसाठी आहे. दहा ऑगस्टला रविवारच आहे. सकाळी राखी बांधून घ्या, संध्याकाळी आपण सगळे दिलसुखनगरला जाऊ. बोलायचे सगळे तुम्ही. मी नुसता बसेन.

ता. क. शेवटचे, हिशोब. शंकररावांची फी परत: पाचशे, माझ्याकडून. फुकट गेलेले मेसेज, दोन वेळचे: नऊशे, एकनाथराव पगारातून दर महिना तीनशे कापणार, म्हणजे मी देणे आहे. येणे: श्री. नामदेवराव, देगलूर, नोंदणी पाचशे, मेळाव्यात भरले तीनशे, बाकी दोनशे. बाकी राहिली की प्रोग्राम आठवणीचा मेसेज फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरवर पाठवतो, आणि 'हैदराबादेतील नातेवाईक' म्हणून तिथे तुम्ही आमच्या घरचा नंबर दिला आहे. तो फोन आई उचलते. म्हणून ते दोनशे मी भरून टाकले आहेत. राखीला आलात की द्या, पण वर आल्यावर आईसमोर नको. खाली जिन्यातच द्या.